निघून दाखवण्याचं काम

नदीच्या त्या खोल घळीतल्या राष्ट्रीय उद्यानात हिवाळी तंबू पडले की पाठमोरा हजर व्हायचा. त्याचं खरं नाव कागदोपत्री कुठेतरी असेल. तंबूवाले, वनरक्षक, पक्षी बघायला येणारी हौशी मंडळी, सगळे त्याला पाठमोरा म्हणत, कारण त्याचं कामच पाठ दाखवण्याचं होतं.

काम असं. पलीकडच्या कड्यावर, पाण्यापासून उंच, कपारींमध्ये गिधाडांच्या जोड्या ऐन थंडीत अंडं घालत आणि आलटून पालटून त्यावर बसत. अलीकडच्या कड्यावर त्यांच्या बरोबर समोर दगड रचून, वर गोणपाट टाकून एक आडोसा केलेला होता. त्यात बसून गोणपाटाच्या भोकातून पाहायचं. पण माणूस आडोशात शिरताना दिसला की गिधाड घरटं सोडून लांबच्या वठलेल्या झाडावर जाऊन बसे, आणि तो माणूस बाहेर पडेपर्यंत परत येत नसे. म्हणून दोघांनी जायचं. दोघं आत शिरत, थोड्या वेळाने एक जण बाहेर पडे आणि अख्ख्या दरीला दिसेल, ऐकू जाईल असा निघून जाई. गिधाडाला वाटे, गेली पीडा. मग ते अंड्यावर परते आणि आत राहिलेला दिवसभर त्याला बघत बसे. तंबूत वर्षानुवर्षं येणाऱ्या मास्तरीणबाई म्हणायच्या, पक्ष्याला येणं-जाणं कळतं, वजाबाकी कळत नाही.

तो निघून जाणारा म्हणजे पाठमोरा. जाण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. काठी दगडांवर आपटत, मफलर खांद्यावरून मागे भिरकावत, कुठल्याच चालीत न बसणारं गाणं म्हणत तो असा जायचा की दरीतल्या मुंगीलाही कळावं, हा गेला. त्याच्या आधी दोघातिघांनी हे काम करून पाहिलं होतं. ते पहिल्या वळणावर मागे वळून बघत. बघितलं की संपलं. मागे बघणारा माणूस गेलेला नसतो, हे गिधाडालाही कळतं. पाठमोऱ्याने कधी मागे पाहिलं नाही. त्यामुळे एक गोष्ट अशी झाली की ज्या पक्ष्यासाठी तो इतके हिवाळे चालला, तो पक्षी अंड्यावर परतताना त्याने एकदाही पाहिला नव्हता. ते पाहायला मागे राहावं लागतं.

आणि राहणं त्याच्या तळपायांत नव्हतं. त्याच्या तळपायांत काहीतरी दुसरंच होतं. मुंग्या नव्हेत, मुंग्या थोड्या वेळाने जातात. तरुणपणी तो एका कचेरीत लिफ्ट चालवायचा. ती नोकरी त्याने सोडली, कारण दिवसभर वरखाली करूनही माणूस जागच्या जागीच. मग थिएटरात टॉर्च घेऊन लोकांना खुर्च्या दाखवल्या. पण अंधारात शेकडो माणसं मुकाट बसलेली पाहिली की त्यालाच गुदमरायला व्हायचं. शेवटी सायकलवरून टपाल वाटण्याचं काम मिळालं, ते निवृत्तीपर्यंत टिकलं. कोणी पत्र घेऊन 'बसा, पाणी घ्या' म्हणेपर्यंत तो पुढच्या गल्लीत असायचा.

बायको त्याच्या नेमकी उलट. ती रफूचं काम करायची. बाजारातल्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानाच्या खिडकीत तिची खुर्ची होती. सकाळी बसली की उन्हाची पट्टी तिच्या पायावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून मांडीतल्या कोटावर यायची, तरी ती हलायची नाही. लोकांच्या कपड्यांना पडलेली भोकं ती अशी भरायची की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. त्यांच्या लग्नाच्या फोटोत ती ठसठशीत आली आहे आणि तिच्या शेजारी थोडं धुकं आहे. 'ते धुकं म्हणजे मी,' असं तो पाहुण्यांना सांगायचा. पाहुणे हसायचे. ती पदराने फोटो पुसायची.

मुलगी जन्मली तेव्हा तो इस्पितळाच्या जिन्यात होता. पुढे एकदा बायकोला विषमज्वर झाला, तेव्हा तो रोज भेटायला यायचा. खाटेवर टेकायचा, उशी नीट करायचा आणि 'संत्री आणतो' म्हणून उठायचा. संत्री ठेवली की मोसंबी बघायला जायचा. मोसंबी ठेवली की केळी. घरी जायच्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाई तिला म्हणाल्या, नवरा फार प्रेमळ हो तुमचा, आम्हालासुद्धा फळं पुरली. ती म्हणाली, 'हो, फळं पुष्कळ झाली.'

यंदा तिच्या हृदयाची झडप बदलली. ऑपरेशन नीट झालं. नंतरचे दिवस पाठमोऱ्याने इस्पितळाचे मजले चढण्या-उतरण्यात घालवले. तिथल्या झाडूवाल्याला तो नवा कर्मचारी वाटला. तिनेच एकदा डोळे मिटूनच म्हटलं, 'जा तुम्ही आता. तंबू पडले असतील.' तो क्षणभर घुटमळला, आणि गेला. तिने ते खरंच म्हटलं होतं की त्याला चाचपून पाहिलं होतं, हा प्रश्न त्याला पडला तेव्हा बस घाटात होती.

त्याच्या पाठोपाठ काही दिवसांनी मुलगी आली. आईजवळ शेजारच्या काकूंना बसवून, एका दिवसाची रजा काढून. ती दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या घडवायची. दिवसभर मेण, प्लास्टर आणि परक्यांच्या जबड्यांचे साचे. तिची बोटं आईची होती. भडक पिवळं जॅकेट घालून ती बसमधून उतरली, आणि शेकोटीपाशी उभ्याने चहा पिणाऱ्या बापाला पाहून म्हणाली, 'बस की बाबा. शेकोटीला भाडं लागत नाही.'

तो बसला. म्हणजे उकिडवा झाला.

संध्याकाळ उतरत होती. घळीत अंधार खालून चढतो, आधी नदी जाते, मग झाडं, मग माणसं. बाकीची मंडळी दुर्बिणी पुसत, दिवसाभरात काय दिसलं त्याबद्दल हुज्जत घालत होती. मुलीने काटकीने निखारे सारखे केले.

'आईचं ठरलंय,' ती म्हणाली. 'परवा सुटी मिळाली की इस्पितळातून थेट मावशीकडे. मावशी न्यायला येतेय.'

'घर आहे की.'

'घर आहे.'

'मी आहे.'

निखारा फुटला. मग तिने डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. पहिले काही आठवडे कोणीतरी सतत जवळ हवं, औषध चुकता कामा नये, दम लागला तर ताबडतोब कळायला हवं. 'जवळ म्हणजे जवळ, बाबा. जिन्यात नाही, गच्चीत नाही, कोपऱ्यावरच्या दुकानात नाही.'

ती रागावून बोलत नव्हती. रागावली असती तर त्याला उठून जाता आलं असतं. मेव्हणीचं घर त्याने पाहिलं होतं. मोठी खिडकी, स्वच्छ पडदे, शेजारी शिलाईची दुकानं. 'धाकटीने माझ्याकडे येऊन राहावं' हे मेव्हणीचं पालुपद जुनंच होतं. बायको एकदा तिथे बसली की बसली. आठवडे होतील, महिने होतील, मग एक दिवस खुर्ची मागवून घेईल.

'उद्या मी आडोशात बसतो,' तो एकदम म्हणाला.

'कशाला?'

'मास्तरीणबाईंना खोकला झालाय. आडोशात खोकला चालत नाही.'

'बाबा.'

'उजाडल्यापासून अंधारेपर्यंत बसतो. संध्याकाळी तू आईला फोन कर आणि सांग. बसला म्हणून सांग.'

ती हसली. मग तो हसत नाही हे पाहून थांबली. 'आणि उठलास तर?'

'तर मावशीला येऊ दे.'

वनरक्षकाने ऐकलं तेव्हा तो म्हणाला, विचार करा हं, ते काही टपाल नव्हे. पक्षी अंड्यावर असताना मध्येच कोणी बाहेर पडलं की तो उडतो, अंडं गारठतं, आणि डोमकावळे टपलेलेच असतात. एकदा बसलात की न्यायला येईपर्यंत तुरुंग. मास्तरीणबाईंनी गळ्याशी शाल आवळून, खोकत खोकत त्याला धडे दिले. पाय झोपला तर झोपू द्यायचा. नाक खाजलं तर खाजू द्यायचं. आणि मन उठलं तर? असं त्याने विचारलं. मन उठलं तर जाऊ द्या, त्या म्हणाल्या, तेवढं पक्ष्याला दिसत नाही.

जाण्याचं काम मग मुलीकडे आलं. तंबूंच्या मधल्या वाटेवर त्याने तिची तालीम घेतली. ती फार हळू चालत होती, दवाखान्यात चालतात तशी. तो म्हणाला, पाय वाजव, हात हलव, काहीतरी गुणगुण, आणि वळणाच्या पुढे उतरणीला लागेपर्यंत थांबायचं नाही, वळायचं तर मुळीच नाही. ती म्हणाली, 'हे मला शिकवायला नको. लहानपणापासून बघतेय.'

सकाळी तंबूंवर हिमाचा पातळ थर होता, दोऱ्या काचेसारख्या ताठ. दोघं कड्याच्या वाटेने गेले. समोरच्या कपारीतलं गिधाड त्यांना पाहून उठलं, पंख पसरून हवेत उतरलं आणि वठलेल्या झाडावर जाऊन बसलं. कपारीत काटक्यांच्या गादीवर अंडं दिसत होतं, मळकट पांढरं. आडोशात दगडाची बैठक होती, त्यावर गोणपाटाची घडी. मुलीने त्याच्या पायांवर घोंगडी टाकली, कडा खोचल्या.

'बस,' ती म्हणाली, आणि निघाली.

त्याने भोकाला डोळा लावला. ती जात होती. हात हलवत होती, पाय वाजवत होती, गुणगुणत होती. आईचंच एक गाणं, सुरात. शिकवलेलं सगळं बरोबर करत होती. पिवळी पाठ लहान होत गेली, वळणावर दगडांआड झाली, गाणं तुटलं. मग वारा आणि खाली फार खोल नदी. आपण जातो तेव्हा मागे इतकी शांतता होते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आता गिधाड येईल, असं म्हणून तो बसला. ते आलं नाही. झाडावर मान आत घेऊन ते नुसतंच बसून राहिलं. मास्तरीणबाई सांगायच्या, पाठमोरा वळणाआड गेला की बिडी विझायच्या आत पक्षी अंड्यावर. त्याला वाटलं, आपलंच चुकतंय. आपण हललो असू. गुडघा हलला होता खरा. मग त्याने गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला. पोटरीत पेटका आला, येऊ दिला. नाकाचं पाणी ओठावर आलं, येऊ दिलं. तळपायांत ते जुनं, मुंग्या नसलेलं काहीतरी जागं झालं, घोट्यांत चढलं, मांड्यांत शिरलं, आणि त्याचं सगळं शरीर दाराला धडका देणाऱ्या जनावरासारखं झालं. तो बसून राहिला. उभ्या जन्मात बसला नव्हता इतका बसला. श्वाससुद्धा मोजूनमापून, कोणाच्या तरी उशाशी बसल्यासारखा. ऊन पलीकडच्या कड्याच्या माथ्यावरून खाली सरकत कड्याच्या पोटापर्यंत आलं. गिधाड आलं नाही. अंडं तिथेच उघडं, सावलीत.

दोन डोमकावळे आले. एक खालच्या खडकावर बसला, एक कपारीच्या कडेला घिरट्या घालू लागला.

तेव्हा त्याने पहिल्यांदा समोरून नजर काढली आणि बाजूच्या दगडांमधल्या फटीतून वाटेकडे पाहिलं. भोकातून न दिसणारी वळणामागची बाजू तिथून दिसत होती. वळणावर, खडकाला टेकून, पिवळं जॅकेट बसलेलं होतं.

ती गेलीच नव्हती. खडकाआड वारा लागत नव्हता, तिथे तिने बैठक मारली होती. शेजारी थर्मास आणि त्यावर दोन कप उपडे घातलेले. दोन. म्हणजे ती त्याच्यासाठी थांबली होती. बाप आता उठेल, मग उठेल, एकटा नको, चहा पिऊन बरोबरच खाली जाऊ, अशा हिशेबाने. वाटेवरून तो खडक आडोसा वाटतो. पण समोरच्या झाडावरून तो सताड उघडा दिसतो, आणि त्या राखाडी दरीत तेवढं एकच पिवळं होतं.

त्याचा पहिला विचार असा झाला की ती कंटाळेल आणि जाईल. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मांडीवर हात, मान जराशी कललेली, पापणीसुद्धा हलत नसेल. आईची मुलगी. बसली की बसली. ती संध्याकाळपर्यंत बसू शकत होती, आणि तो संध्याकाळपर्यंत बसायचं म्हणून आला होता, आणि दोघांच्या बसण्यामध्ये ते अंडं गार होत होतं. हाक मारावी तर गिधाड दरीच सोडून जाईल. हात बाहेर काढून खुणावावं तर तेच. न हलता बसून राहिलं की संध्याकाळी मुलगी फोनवर सांगेल, बसला. ते खरंही असेल.

डोमकावळा कपारीत उतरला. एक उडी मारली. थांबला. दुसरी मारली.

पाठमोरा उठला.

बधिर पायांवर तो आडोशातून अक्षरशः घरंगळतच बाहेर आला, दगडाला धरून उभा राहिला आणि निघाला. कावळा उडाला. मग काठी दगडांवर, मफलर पाठीवर, बेसूर गाणं घशात. तो असा निघाला की सगळ्या दरीला कळावं. वळणावर मुलगी उठून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्षानुवर्षं खरी ठरत आलेली गोष्ट आणखी एकदा खरी ठरली की माणूस जसा दिसतो, तशी ती दिसत होती.

'वाटलंच होतं,' ती म्हणाली. कपात चहा ओतू लागली.

'ते ठेव. चल.'

'अरे, चहा तरी...'

'चल म्हणतो. पाय वाजव. मागे बघायचं नाही.'

तिने थर्मास उचलला. दोघं एकामागून एक वाट उतरले. ती त्याच्या मागे होती. तिच्या पावलांच्या आवाजात तो सगळं ऐकत होता, आईला काय सांगायचं त्याची जुळवाजुळवसुद्धा. सांगावंसं त्याच्या तोंडाशी येत होतं. पण सांगायचं तर थांबावं लागलं असतं.

उतार संपून झाडी लागली तेव्हा तो थांबला. फांद्यांमधून वरचा कडा दिसत होता. त्याने तिच्या गळ्यातली दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावली. गिधाड झाडावरून सुटलं होतं. एक मोठं वळण घेऊन ते कपारीत उतरलं, मान खाली घालून बराच वेळ अंड्याकडे पाहत उभं राहिलं. मग फार सावकाश, जड माणूस गादीवर बसतो तसं, बसलं. आतलं जिवंत होतं की नाही, ते त्या दिवशी कोणालाच कळण्यासारखं नव्हतं.

मुलीने दुर्बीण आडोशाकडे फिरवली. मग वाटेने सरकवत सरकवत वळणावर नेली आणि तिथे थांबली.

'इथून तो खडक दिसतो,' ती म्हणाली.

'दिसतो.'

'मग तिथून तर...'

'हो.'

ती बराच वेळ दुर्बिणीतच राहिली. डोळ्यांवरून काढायला तयार नव्हती. 'मी म्हटलं, तू थोड्या वेळात येशीलच,' ती म्हणाली. 'एकटाच कशाला परत जाशील.'

'बरोबर आहे तुझं. आलोच असतो एरवी.' मग तो म्हणाला, 'चहा दे आता.'

वनरक्षकाच्या कचेरीमागे एक सपाट दगड होता. फोन लागायचा तो फक्त त्यावर उभं राहिलं तर. पाऊलभर इकडेतिकडे झालं की माणूस अर्ध्या शब्दात तुटायचा. दुपारी मुलीने तिथून आईला फोन लावला आणि घाईघाईने सांगायला लागली, आई, ऐक, बाबाची चूक नाही, मीच... पाठमोऱ्याने तिच्या हातून फोन घेतला आणि तिला खाली उतरवून स्वतः दगडावर चढला.

'उठलो मी,' तो म्हणाला.

पलीकडे इस्पितळाचे आवाज होते. ट्रॉलीची चाकं, कोणाची तरी हाक. 'किती वेळ बसलात?'

'ऊन कड्याच्या पोटाशी येईपर्यंत.'

'ते मला काय कळणार?'

'तुझ्या गुडघ्यावर येतं ना दुकानात, तेवढा.'

ती म्हणाली, 'बराच की.' मग, 'आणि का उठलात?'

त्याने सांगितलं. गिधाडाचं, जॅकेटचं, कावळ्याचं. सांगताना त्याने स्वतःची बाजू घेतली नाही, कारण ती कुठली हेच त्याला नीट कळत नव्हतं. ती मध्ये एकदाच बोलली. कावळा अंड्यापासून किती लांब होता, असं तिने विचारलं. तो म्हणाला, दोन उड्या. तेव्हा तिने रफूचा धागा ओढून घेतल्यासारखा श्वास घेतला.

'मग उठायलाच हवं होतं,' ती म्हणाली.

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

'पण ताईला मी हो म्हटलंय. तिने खोली लावून ठेवलीय. आता नाही म्हणता यायचं नाही. आणि खरं सांगू का, मला अजून भीती वाटते घरी तुमच्याबरोबर. रात्री जाग आली आणि खाट रिकामी दिसली तर? ती भीती काही एका दिवसात जायची नाही.'

'नाही जायची,' तो म्हणाला.

'ताईच्या पुढच्या खोलीत एक दिवाण आहे. आखूड आहे. तुम्ही मावाल का बघा. मी तिच्याशी बोलते. ती तोंड वाकडं करेल, तेवढं सोसायचं.'

'मावेन.'

'दिवसा फिरायचं तेवढं फिरा. माझं औषध झाल्यावर. सांगून जायचं आणि सांगितलेल्या वेळेला यायचं.'

'बरं.'

'येताना घरून माझा चष्मा आणा, दुसरा, काळ्या दांडीचा. आणि करड्या धाग्याची रिळं. सगळी नकोत.'

'करडा किती?'

ती सांगू लागली. कुठल्या खणात, कुठल्या डब्याखाली, कुठला करडा निळ्याकडे झुकतो आणि कुठला नाही. मग नर्स आली, मग ती मेव्हणीच्या जिन्याबद्दल बोलली, मग रात्री शेजारची म्हातारी कशी घोरते त्याबद्दल. दरीतून वारा सरळ वर येत होता. मुलगी खाली उभी राहून, हात जॅकेटच्या खिशात घालून, त्याच्या पायांकडे बघत होती. तळपायांत ते जुनं पुन्हा जागं झालं, घोट्यांपर्यंत आलं. त्याने उजवा पाय उचलला, तसा पलीकडचा आवाज खरखरला, तुटायला आला. त्याने पाय होता तिथेच परत ठेवला आणि म्हणाला, 'हां, ऐकतोय. घोरते म्हणजे कशी?'